एकच नंबर, दोन घरं: ८०५१ मधले एसएफआर आणि आतली रॅम यांचा घोळ कसा टाळायचा

डिप्लोमाची मुलं ८०५१ या छोट्या कंट्रोलर चिपचे प्रोजेक्ट घेऊन जळगावला माझ्याकडे येतात तेव्हा तक्रार ठरलेली असते. "सर, पॉइंटरने पी१ पोर्टला व्हॅल्यू दिली, पण एलईडी लागतच नाही." नाहीतर, "सर, सिम्युलेटरवर चालतं, बोर्डावर काहीतरी भलतंच करतं." आधी वायरिंग तपासतात, मग क्रिस्टल बदलतात, मग चिप. प्रोग्राम उघडला की दिसतं, पत्ता बरोबर आहे, पण त्या पत्त्यावर जायची वाट चुकली आहे.

शनिपेठेतही १२ नंबरचं घर असतं आणि बळीराम पेठेतही. पाकिटावर नुसतं "१२, जळगाव" लिहिलं तर पोस्टमनने काय करायचं? ८०५१ च्या घराण्यात ८०एच ते एफएफएच या पत्त्यांचं तसंच आहे. तुम्ही कोणत्या प्रकारची सूचना वापरता, त्यावर पेठ ठरते. थेट पत्ता दिला तर एसएफआर, म्हणजे पोर्ट, टायमर, सिरीयल यांना जोडलेली खास रजिस्टरं (स्पेशल फंक्शन रजिस्टर). आर० किंवा आर१ या रजिस्टरमध्ये पत्ता ठेवून @ ने गेलात तर रॅम. पुढचे बहुतेक घोळ या एका गोष्टीतून निघतात.

सूचना इथे आपण तोंडाने बोलतो तशा लिहिल्या आहेत; टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या. आकड्याच्या शेवटी "एच" असेल तर तो हेक्स समजा.

## टप्पा १: आधी कागद, मग कॉम्प्युटर

वहीचं कोरं पान आडवं धरा आणि तीन वेगळे चौकोन काढा. एकावर एक नव्हे, शेजारी शेजारी.

पहिला चौकोन ००एच ते ७एफएच. ही खालची १२८ बाइट रॅम, ८०५१ आणि तिची जास्त रॅमवाली बहीण ८०५२, दोन्हींत असते. तिचे तीन भाग पाडा:

- ००एच ते १एफएच: रजिस्टरच्या चार बँका, प्रत्येकीत आर० ते आर७. म्हणजे ३२ बाइट.
- २०एच ते २एफएच: बिट-बिट हाताळता येणारे १६ बाइट, म्हणजे १२८ बिट.
- ३०एच ते ७एफएच: मोकळी जागा, ८० बाइट.

दुसरा चौकोन ८०एच ते एफएफएच, त्यावर "एसएफआर, फक्त थेट पत्ता" असं लिहा. जागा १२८ असल्या तरी मूळ ८०५१ मध्ये त्यातल्या २१ च भरलेल्या आहेत, ८०५२ मध्ये २६. त्यातले रोज लागणारे स्वतःच्या हाताने भरा: पी० ८०एच, एसपी ८१एच, टीकॉन ८८एच, टीमॉड ८९एच, पी१ ९०एच, एसकॉन ९८एच, एसबफ ९९एच, पी२ ए०एच, आयई ए८एच, पी३ बी०एच, पीएसडब्ल्यू डी०एच, अॅक्युम्युलेटर (सूचनांत ए किंवा एसीसी) ई०एच, बी एफ०एच.

तिसरा चौकोनही ८०एच ते एफएफएच. त्यावर लिहा: "वरची रॅम, फक्त @ ने, फक्त ८०५२ मध्ये."

बऱ्याच वह्यांत एसएफआरचा चौकोन खालच्या रॅमच्या डोक्यावर चिकटवलेला दिसतो, जणू ७एफएच संपलं की त्याच गल्लीत पुढे ८०एच सुरू. त्या चित्रावरून कुणी बफर ७०एच पासून सुरू करून "पुढे वाढत जाईल" म्हणतो, आणि मग आमच्या टेबलावर येतो.

इशारा: एसएफआरमधल्या रिकाम्या पत्त्यांवर काही ठेवू नका. तिथे बाइट नाहीच. वाचलं तर काहीही येऊ शकतं, आणि लिहिलेलं कुठे राहत नाही.

## टप्पा २: एसएफआरला डबा समजू नका

रॅमचा बाइट म्हणजे डबा. ५५एच ठेवलं तर लाइट जाईपर्यंत किंवा तुम्ही बदलेपर्यंत ५५एचच. एसएफआर मात्र चिपमधल्या कुठल्या ना कुठल्या यंत्राला जोडलेला असतो, त्यामुळे ठेवलेलं तसंच परत मिळेल याची खात्री नाही.

सगळ्यात चांगलं उदाहरण एसबफचं, म्हणजे सिरीयलच्या बफरचं. पत्ता एकच, ९९एच, पण त्यामागे दोन वेगळी रजिस्टरं आहेत. लिहिलं की बाइट पाठवणाऱ्या रजिस्टरमध्ये जातो. वाचलं की आलेल्या बाइटचं रजिस्टर उघडतं. सिरीयलवरून "ए" पाठवून लगेच एसबफ वाचणारा आणि "गेलाच नाही" म्हणणारा विद्यार्थी दर वर्षी एक तरी भेटतो.

टीएल०, म्हणजे टायमर ० चा खालचा बाइट, चालू टायमरमध्ये स्वतःच वाढतो. पीएसडब्ल्यू या स्थिती दाखवणाऱ्या रजिस्टरमधला पॅरिटी बिट अॅक्युम्युलेटर बदलला की आपोआप बदलतो, तुम्ही तिथे काही लिहून ठेवलं तरी.

पोर्टांचं आणखी वेगळं. मूव्ह ए, पी१ ही सूचना पिनवर प्रत्यक्ष काय आहे ते वाचते. पण एएनएल पी१, ओआरएल पी१, इन्क पी१ यांसारख्या वाचून-बदलून-लिहिणाऱ्या सूचना लॅच, म्हणजे पोर्टावर शेवटचं लिहिलेलं जपणारी जागा, वाचतात. पिनवर ट्रान्झिस्टरचा बेस थेट जोडला असेल, तर लॅचमध्ये १ असूनही पिनवर ० वाचला जातो. कुणाचंच काही चुकलेलं नसतं, दोघं वेगवेगळ्या ठिकाणी पाहत असतात.

तपासणी: इनपुटसाठी वापरायच्या पिनच्या लॅचमध्ये आधी १ लिहिला आहे ना? रिसेटनंतर चारही पोर्ट एफएफएच असतात, पण मध्ये कुठे पूर्ण पोर्टावर ००एच टाकलं असेल तर बटण कधीच दाबलं न जाता "दाबलेलं" दिसेल.

## टप्पा ३: सिम्युलेटरमध्ये दोन खिडक्या

कील मायक्रोव्हिजन या प्रोग्राम लिहून तपासायच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती या सरावाला पुरते. तिची कोडची मर्यादा २ केबी आहे. प्रोजेक्ट बनवताना जी चिप हातात आहे तीच निवडा. एटी८९एस५१ मध्ये आतली रॅम १२८ बाइट, एटी८९एस५२ मध्ये २५६. चिपवरचं छापील नाव उजेडात धरून वाचा. सॉकेट दोन्हींचं ४० पायांचं सारखंच, त्यामुळे बसतात दोन्ही.

डीबग सुरू करून मेमरीच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पत्ता टाका डी:०एक्स८०, दुसरीत आय:०एक्स८०. डी म्हणजे थेट पत्त्याची पेठ, तिथे एसएफआर दिसतील. आय म्हणजे @ ची पेठ, तिथे वरची रॅम. मुलं बहुतेक वेळा एकच खिडकी उघडतात, आणि ती चुकीची असते.

तपासणी: प्रोग्राम न चालवता नुसतं रिसेट करा. डी खिडकीत ८०एच, ९०एच, ए०एच, बी०एच इथे एफएफ आणि ८१एच ला ०७ दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, चिपची निवड तपासा.

## टप्पा ४: एकाच आकड्याचे तीन अर्थ

या तीन वाटा ओळीने स्टेप करून बघा. घाई करू नका, हा टप्पा जमला की अर्धं काम झालं.

मूव्ह ए, #९०एच
मूव्ह ए, ९०एच
मूव्ह आर०, #९०एच
मूव्ह ए, @आर०

पहिल्या ओळीत # आहे. ९०एच हा आकडाच अॅक्युम्युलेटरमध्ये येतो. मशीन कोड ७४ ९०.

दुसरीत # नाही, म्हणून तो पत्ता झाला, आणि थेट पत्ता असल्यामुळे एसएफआर. पी१ च्या पिन वाचल्या जातात. कोड ई५ ९०.

तिसरी आणि चौथी मिळून तिसरी वाट. आर० मध्ये पत्ता ठेवला आणि @ ने गेलो, म्हणजे वरच्या रॅममधला ९०एच. कोड ७८ ९०, मग ई६. ई६ मध्ये पत्ता कुठेच नाही हे पाहा. तो आर० मधून येतो, आणि @आर० ची वाट रॅमकडेच जाते.

आता लिहून बघा:

मूव्ह ९०एच, #५५एच
मूव्ह आर०, #९०एच
मूव्ह @आर०, #३३एच

डी खिडकीत ९०एच ला ५५ दिसेल, आय खिडकीत ९०एच ला ३३. दोन्ही एकाच वेळी, एकमेकांना धक्का न लावता. पॉइंटरने एलईडी का लागत नव्हता, याचं उत्तर इथेच आहे: आकडा पोर्टाकडे न जाता रॅममध्ये जाऊन बसत होता. चिप ५१ असेल तर तो कुठेच बसत नाही.

मूव्ह ९०एच, #५५एच आणि मूव्ह पी१, #५५एच यांचा मशीन कोड एकच, ७५ ९० ५५. पी१ हे असेंब्लरने ९०एच ला दिलेलं नाव आहे, एवढंच. तरी प्रोग्रामात नावच वापरा. सहा महिन्यांनी ए८एच वाचून आयई आठवत नाही. मला तरी नाही.

इशारा: अक्षराने सुरू होणाऱ्या हेक्स आकड्याआधी शून्य लावा, #०एफ०एच असं. नाहीतर असेंब्लर त्याला नाव समजतो आणि "हे कोण?" म्हणून एरर देतो. हा एरर बरा, निदान दिसतो तरी. विसरलेला # कसलाही आवाज करत नाही.

## टप्पा ५: बिटचे पत्ते वेगळेच

इथे तिसरी नंबरपट्टी येते. बिट पत्ता ००एच ते ७एफएच हे रॅमच्या २०एच ते २एफएच या १६ बाइटांतले बिट. ८०एच ते एफएफएच हे एसएफआरमधले बिट, पण ज्या एसएफआरचा पत्ता ० किंवा ८ ने संपतो त्यांचेच. टीकॉन ८८एच आहे, म्हणून त्याचा एकेक बिट सुटा हाताळता येतो. टीमॉड ८९एच, पीकॉन ८७एच, तिथे नाही.

सेटबी २०एच लिहिलं तर बाइट २०एच ला काहीच होत नाही. बिट क्रमांक २०एच म्हणजे ३२; ३२ ला ८ ने भागा, ४ येतात. म्हणजे बाइट २४एच चा शून्यावा बिट.

आणखी एक मजा बघा. टीआर० हा टीकॉनचा चौथा बिट, त्याचा बिट पत्ता ८८एच अधिक ४, म्हणजे ८सीएच. आणि बाइट पत्ता ८सीएच कुणाचा? टीएच० चा. सेटबी ८सीएच म्हटलं की टायमर सुरू होतो, मूव्ह ८सीएच, #३सीएच म्हटलं की टायमरच्या वरच्या बाइटमध्ये आकडा भरला जातो.

टीमॉडला सुटा बिट नाही म्हणून मुलं थेट मूव्ह टीमॉड, #०१एच करतात. टायमर ० नीट बसतो, पण सिरीयलसाठी मोड २ मध्ये लावलेला टायमर १ चा वरचा अर्धा पुसला जातो आणि बॉड रेट, म्हणजे सिरीयलचा वेग, बिघडतो. योग्य क्रम असा:

एएनएल टीमॉड, #०एफ०एच
ओआरएल टीमॉड, #०१एच

आधी आपला अर्धा साफ, मग आपले बिट. शेजाऱ्याच्या अर्ध्याला हात नाही.

## टप्पा ६: बँका आणि स्टॅक

आर० नावाची वेगळी वस्तू चिपमध्ये नाही. बँक ० असेल तर तो रॅमचा ००एच, बँक १ असेल तर ०८एच, पुढे १०एच आणि १८एच. कोणती बँक, हे पीएसडब्ल्यूमधले आरएस१ आणि आरएस० ठरवतात. म्हणजे एसएफआरमधले दोन बिट हलले की रॅमची खिडकी सरकते. इंटरप्टमध्ये, म्हणजे मुख्य काम मध्येच थांबवून चालणाऱ्या तुकड्यात, बँक बदलणार असाल तर आधी पुश पीएसडब्ल्यू, मग बदल, आणि परतताना शेवटी पॉप पीएसडब्ल्यू. बँक बदलून झाल्यावर पुश केलंत तर बदललेलीच व्हॅल्यू जपून ठेवली, असं होतं.

स्टॅकमध्ये, म्हणजे पुश केलेले बाइट आणि परतीचे पत्ते जिथे रचले जातात तिथे, दोन्ही पेठा एकत्र येतात. एसपी (स्टॅक पॉइंटर) स्वतः एसएफआर, ८१एच. तो दाखवतो ती जागा मात्र रॅममधली. रिसेटनंतर त्यात ०७एच असतं, आणि पुश करताना तो आधी एकने वाढतो, मग बाइट ठेवला जातो. म्हणून पहिला बाइट ०८एच ला पडतो. ०८एच म्हणजे बँक १ चा आर०! बँक १ वापरणाऱ्या प्रोग्रामात पहिल्याच एल-कॉलला दोन बाइटचा परतीचा पत्ता तिथे जाऊन बसतो.

म्हणून प्रोग्रामाच्या अगदी सुरुवातीला, कुठल्याही कॉलच्या आधी एसपी हलवा:

- ५१ चिप: मूव्ह एसपी, #५एफएच. स्टॅक ६०एच पासून, ३२ बाइट.
- ५२ चिप: मूव्ह एसपी, #७एफएच. स्टॅक वरच्या रॅममध्ये, १२८ बाइट.

दुसऱ्या ओळीत "स्टॅक ८०एच ला गेला की पी० वर लिहिणार ना?" असा प्रश्न हमखास येतो. नाही. स्टॅकची वाट @ चीच आहे, तो एसएफआरला शिवत नाही. पण हीच ओळ ५१ चिपवर चालवली तर पुश केलेलं हरवतं आणि रिट, म्हणजे परतीची सूचना, भलत्याच पत्त्यावर उडी मारतो.

पुशच्या पुढे मात्र थेट पत्ता लागतो. म्हणून पुश ए चालत नाही, पुश एसीसी चालतं, कारण एसीसी म्हणजे ई०एच. पुश आर० सुद्धा चालत नाही; पुश ००एच लिहावं लागतं, आणि तेही बँक ० चाच आर० ठेवतं. तुम्ही बँक १ मध्ये असाल तर जपायचा होता एक आणि जपला दुसराच.

तपासणी: प्रोग्राममधले एकात एक सगळ्यात खोल कॉल मोजा, प्रत्येकी २ बाइट. त्यात इंटरप्टचे २ आणि तिथले पुश मिळवा. बेरीज वरच्या आकड्यात बसते का?

## टप्पा ७: लाइट गेली, लाइट आली

शेतातल्या मोटारीच्या ऑटोसाठी प्रोग्राम करणाऱ्यांनी हा टप्पा गाळू नये. आपल्याकडे थ्री फेज दिवसातून किती वेळा जाते-येते ते वेगळं सांगायला नको.

पॉवर आल्यावर रिसेट बहुतेक एसएफआरना ठरलेल्या व्हॅल्यू देतो. रॅमला देत नाही; तिथे पॉवर आल्यावर काहीही असू शकतं. सिम्युलेटर रॅम शून्याने भरून दाखवतो म्हणून "टेबलावर चालतं, शेतात नाही" हा प्रकार होतो. नुसता रिसेट झाला आणि पॉवर गेलीच नव्हती, तर रॅममधलं जुनं तसंच राहतं.

असेंब्लीत रॅम स्वतः साफ करा:

मूव्ह आर०, #७एफएच
क्लिअर ए
पुन्हा: मूव्ह @आर०, ए
डीजेएनझेड आर०, पुन्हा

७एफएच पासून ०१एच पर्यंत साफ होतं, आणि राहिलेला ००एच म्हणजे बँक ० चा आर० स्वतः, जो मोजणी संपताना शून्यच झालेला असतो. ५२ साठी पहिल्या ओळीत #०एफएफएच. @ ने जात असल्यामुळे एसएफआर पुसले जात नाहीत.

इशारा: हा तुकडा सबरूटीन म्हणून कॉल करू नका. तो परतीचा पत्ताही पुसतो.

सी वापरत असाल तर कीलची स्टार्टअप फाइल हे काम करते. तिच्यात आयडेटालेन हा आकडा पाहा. ८०एच असेल तर खालचे १२८ बाइटच साफ होतात. ५२ साठी तो १००एच करा. सी मध्ये मोठे बफर आयडेटा (@ च्या वाटेची रॅम) म्हणून घोषित करा, पोर्टांसाठी एसएफआर हा शब्द वापरा, आणि पोर्टाचा पत्ता पॉइंटर व्हेरिएबलमध्ये ठेवायच्या भानगडीत पडू नका. तो पॉइंटर @ ची वाट धरतो.

आणि रिले. रिसेटला पोर्टांवर एफएफएच येतं हे वर पाहिलं. १ आल्यावर लागणारा रिले जोडला असेल तर प्रत्येक वेळी लाइट आली की मोटारीला एक झटका बसतो. रिले ० ला लागेल असाच जोडा.

## टप्पा ८: चिप बदलताना

चोपड्याकडच्या एका केळीवाल्या भाऊंचा फोन आला होता. "मोटार आपोआप चालू व्हई जास." टायमर मीच करून दिलेला, दोन हंगाम बिनतक्रार चाललेला. बोर्ड मागवून पाहिला तर चिप बदललेली. विजेच्या झटक्याने जुनी गेली होती, दुकानात ५२ नव्हती, ५१ मिळाली, आणि माझ्याच हेक्स फाइलवरून कुणीतरी ती भरून दिली. प्रोग्राम ४ केबीच्या आतला, त्यामुळे बसलाही. पण आठवड्याच्या वेळा मी वरच्या रॅममध्ये ९०एच पासून ठेवल्या होत्या. ५१ मध्ये तिथे रॅमच नाही. वेळ म्हणून जे वाचलं जाईल त्याप्रमाणे मोटार चालू. दुकानदाराची चूक म्हणवत नाही. बोर्डावर "फक्त ५२" असं मी लिहायला हवं होतं.

तेव्हापासून चिप भरण्याआधी प्रोग्रामरवर सिग्नेचर, म्हणजे चिपच्या आत कोरलेला ओळख क्रमांक, वाचून घेतो. एटी८९एस५१ ची १ई ५१ ०६, एटी८९एस५२ ची १ई ५२ ०६. प्रोग्रामर "चिप जुळत नाही" म्हणाला तर यादीतून दुसरी चिप निवडून पुढे ढकलू नका.

शिवाय मुख्य लूपच्या आधी एवढं टाकतो:

मूव्ह आर०, #०एफ५एच
मूव्ह @आर०, #५एएच
मूव्ह ए, @आर०
सीजेएनई ए, #५एएच, थांब
मूव्ह @आर०, #०ए५एच
मूव्ह ए, @आर०
सीजेएनई ए, #०ए५एच, थांब

वरची रॅम नसेल तर प्रोग्राम "थांब" या लेबलवर जातो. तिथे रिले बंद ठेवायचा आणि एक एलईडी लुकलुकवत राहायचं. एलईडीखाली मार्करने लिहिलंय: "लुकलुकला तर चिप चुकीची, मोटार हाताने चालवा."

मात्र ही ओळख-परीक्षा रॅम साफ करण्याच्या आधी ठेवा आणि तिच्यात कॉल वापरू नका. एसपी ७एफएच वर असताना चुकीच्या चिपमध्ये केलेला पहिलाच कॉल परत येणार नाही, आणि एलईडी लुकलुकायच्या आधीच प्रोग्राम भरकटलेला असेल. लुकलुकण्यामधला थांबाही म्हणून साध्या डीजेएनझेडच्या लूपनेच करा.